आवाज नाही, धूर नाही. मग नंबर कशाला?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली एस. टी. आंबेनळी घाटाला लागली, की चालक खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाची घरघर वाढते. महाडहून भोरकडे जाणाऱ्या वरंध घाटातही हाच अनुभव येतो. या दोन तालुक्यांतील कित्येक वाड्या डांबरी रस्त्यापासून दूर, डोंगराच्या कुशीत वसल्या आहेत. तेथे जाणारी वाट कोठे लाल मातीची, कोठे दगडगोट्यांची, तर कोठे ओढ्यातून जाणारी असते. अशाच वाटांसाठी बनविलेल्या विजेवरच्या मोटारसायकली आता निघाल्या आहेत. उंच बांधणी, खोल नक्षीचे टायर, मोठा धक्का सहज पचविणारे शॉक अॅब्सॉर्बर. आणि इंजिनाची घरघर मात्र मुळीच नाही.

ही गाडी पाहिली की मुलांच्या मनात एक शंका हमखास येते. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल नाही. मग हिला नंबर आणि परवाना कशाला? आणि रस्ता सोडून डोंगरातच चालवली तर कायद्याचा संबंध येतोच कोठे? या शंकेचे उत्तर अर्धे पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे कायद्याच्या पुस्तकात. गंमत अशी, की दोन्हीकडून एकच उत्तर निघते.

थांबलेल्या चाकातील बळ

पेट्रोलच्या इंजिनाला जोर दाखविण्यासाठी आधी फिरत राहावे लागते. थांबलेल्या इंजिनात कसलेच बळ नसते. म्हणून तर क्लच आणि गिअर यांची सोय करावी लागते.

विजेच्या मोटरीचे तसे नाही. चुंबकीय क्षेत्र आणि गुंडाळी यांची एकमेकांसापेक्ष हालचाल झाली, की गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिले. मोटर फिरू लागली की तिच्यातही असा दाब निर्माण होतो आणि तो बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो. पण मोटर थांबलेली असताना विरोध शून्य असतो! त्यामुळे नियंत्रक जेवढा प्रवाह सोडू देईल तेवढा प्रवाह तिला पहिल्या क्षणीच मिळतो आणि चाक फिरविणारे बळ, म्हणजे टॉर्क, सुरुवातीलाच पुरेपूर मिळते. दगडात अडकलेले चाक सहज वर येते ते यामुळेच. आणि नवशिक्याने मूठ जरा जास्त पिळली, तर गाडी हातातून निसटते तीही यामुळेच.

उतारावर याच्या उलट घडते. चाक मोटरीला फिरवू लागते, मोटर जनित्र बनते आणि उताराची थोडी ऊर्जा बॅटरीत परत जमा होते.

जिन्याचे गणित

आता एक छोटा प्रयोग करू. तुमचे वजन ५० किलो आहे आणि शाळेचा ३ मीटर उंचीचा जिना तुम्ही ६ सेकंदांत चढलात असे समजा. कार्य झाले ५० × ९.८ × ३ = १४७० ज्यूल. त्याला ६ ने भागा. तुमची शक्ती आली २४५ वॅट.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतही जवळजवळ हाच आकडा आहे. ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि जिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहतो, तिला ठरावीक अटींवर मोटार वाहन मानले जात नाही. नियम जणू म्हणतो, की जिना चढणाऱ्या मुलाइतकाच जोर असेल, तर आम्ही तिला सायकलच्या पंक्तीला बसवू.

पण डोंगरवाटेची गाडी या पंक्तीत बसेल का? गाडी १२० किलो आणि स्वार ७० किलो, मिळून १९० किलो धरू. वाटेचा चढ असा, की ४ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढते. घर्षण सोडून दिले तरी गाडीला वर ढकलण्यासाठी १९० × ९.८ ÷ ४, म्हणजे सुमारे ४६५ न्यूटन बळ लागेल. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चढायचे, तर शक्ती झाली सुमारे २३०० वॅट. सवलतीच्या मर्यादेच्या नऊपटींहून अधिक! २५० वॅटच्या मोटरीने हाच चढ ताशी दोन किलोमीटरनेही चढता येणार नाही. त्यापेक्षा चालत गेलेले बरे. तेव्हा जी गाडी खरोखर डोंगर चढते, ती कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच असणार, हे गणितच सांगते.

वाट म्हणजे सार्वजनिक जागाच

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये इंधन कोणते, हा प्रश्न मुख्य नाही. वाहन यंत्रशक्तीने चालते का आणि रस्त्यावर वापरण्याजोगे आहे का, हे पाहिले जाते. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनविलेले वाहन या व्याख्येतून वगळले आहे. शर्यतीसाठीच बनविलेल्या, दिवे आणि आरसे नसलेल्या गाडीची जागा अशा आवारातच. तिला तेथवर टेम्पोतून न्यावे लागते. घरापासून ओढ्यापर्यंतही चालवत नेता येत नाही.

‘सार्वजनिक जागा’ या शब्दांची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. जेथे जाण्याचा लोकांना हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा अन्य जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, सार्वजनिक जागा ठरते. म्हणजे वाडीकडे जाणारी पाऊलवाटसुद्धा! नोंदणीचे कलम तर याहून पुढे जाते. सार्वजनिक जागी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवू नये, असे ते म्हणते.

शिवाय जमिनीचे स्वतंत्र कायदे आहेतच. राखीव वनात विनापरवाना शिरण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ मनाई करतो. रायगड किल्ला आणि महाडजवळची गांधारपाले लेणी ही संरक्षित स्मारके आहेत. तेथे गाडीची चाके उमटविण्याचा हक्क कोणालाच नाही. आणि जेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे उतारावर टायरने पाडलेली खाच पहिल्याच पावसात पाण्याचा पाट होते आणि माती घेऊन जाते.

गाडी विकत घेताना

पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, कागदाचा विचारावा. या नमुन्याच्या गाडीला मान्यता आहे का? पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. ब्रेक, दिवे, बॅटरी यांच्या कसोट्या उतरल्यावरच नमुन्याला मान्यता मिळते. विजेवरच्या काही दुचाकींना आगी लागल्यानंतर २०२२ मध्ये बॅटरीच्या कसोट्या अधिक कडक करण्यात आल्या.

मान्यता असेल, तर विक्रेता नमुना २१ चा विक्री दाखला आणि नमुना २२ चे प्रमाणपत्र देतो. त्यावर नोंदणी होते. महाड-पोलादपूरच्या गाड्यांना पेणच्या परिवहन कार्यालयाचा एम. एच. ०६ हा क्रमांक मिळतो. विजेच्या खाजगी गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. बॅटरीवरील वाहनांचे नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२१ मध्ये माफ झाले. पण शुल्क माफ झाले, नोंदणी नव्हे. त्याखेरीज विमा, शिरस्त्राण आणि परवाना हे आहेतच.

विम्याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. वळणापलीकडून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई येत आहे. पेट्रोलची गाडी असती तर तिला आवाज आला असता आणि ती बाजूला झाली असती. विजेची गाडी अगदी जवळ येईपर्यंत कळतच नाही. धडक बसली आणि गाडीला ना नोंदणी ना विमा, तर त्या बाईच्या उपचाराचा खर्च कोण देणार? हिरव्या पाटीचा आणि विम्याच्या कागदाचा खरा उपयोग स्वारापेक्षा तिला आहे.

अठरा वर्षे होण्यापूर्वी

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांसाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अशी मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एका दुपारच्या हौसेची ही किंमत आहे.

तोपर्यंत काय करावे? गणित करावे! पोलादपूर ते महाबळेश्वर हा चढ बाराशे मीटरांहून अधिक आहे. आपली १९० किलोंची गाडी आणि स्वार बाराशे मीटर वर न्यायला घर्षण सोडून किती वीज लागेल? १९० × ९.८ × १२०० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. उत्तर एका युनिटापेक्षाही कमी येते. ते किती, हे वहीत काढा. मग घर्षण, हवेचा विरोध आणि बॅटरीतील उष्णता यांमुळे ते का वाढेल, याचा विचार करा. अठराव्या वर्षी गाडीवर बसाल, तेव्हा हा हिशेब आणि वळणापलीकडची ती मोळीवाली, दोन्ही ध्यानात असू द्या.