घरच्या घरी रक्त-अपोहन : निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

निरोगी माणसाची मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास अखंड काम करीत असतात. ती निकामी झाल्यावर रुग्णालयातील यंत्र त्यांचे काम करते ते आठवड्यातून सामान्यतः 12 तास. तीन वेळा, प्रत्येकी चार तास. यालाच रक्त-अपोहन किंवा रूढ भाषेत हीमोडायलिसिस म्हणतात. रक्त शरीराबाहेर काढून अत्यंत बारीक नळ्यांच्या जुडग्यातून वाहविले जाते. नळ्यांच्या भिंती पातळ पटलाच्या असून त्यांच्या बाहेरून क्षारयुक्त द्रव वाहत असतो. रक्तातील टाकाऊ द्रव्ये पटलातून त्या द्रवात उतरतात, जादा पाणीही ओढून घेतले जाते, आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परत येते. दोन अपोहनांच्या मधल्या दिवसांत मात्र ही द्रव्ये आणि पाणी साचतच राहते. हे अंतर कमी करावे, त्यासाठी यंत्रच घरी आणावे, ही कल्पना यातूनच बळावली.

ती नवी नाही. 1960 मध्ये सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातातील रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली आणि दीर्घकाळ अपोहन करणे शक्य झाले. रुग्णालयात जागा थोड्या आणि रुग्ण पुष्कळ, अशी स्थिती लगेचच उद्भवली. तेव्हा 1964 च्या सुमारास सिअ‍ॅटल, बोस्टन आणि लंडन येथे काही रुग्णांच्या घरीच यंत्रे बसविण्यात आली. भारतात या उपचाराचे नाव सर्वतोमुखी झाले ते जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. 1975 मध्ये बंदिवासात असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाल्यावर लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेण्यात आले, आणि पाटण्यातील कदमकुआँ येथील राहत्या घरी त्यांचे अपोहन होत असे. 8 ऑक्टोबर 1979 रोजी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या यंत्रापाशी प्रशिक्षित तंत्रज्ञ असत. सामान्य कुटुंबाने विचार करताना नेमकी हीच गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

जबलपूरसारख्या शहराचे उदाहरण घेता येईल. मंडला, नरसिंहपूर, कटनी, दिंडोरी अशा भोवतालच्या जिल्ह्यांतील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी या शहराकडे पाहतात. जवळपास 90 किलोमीटरवरून आठवड्यातून तीनदा यावयाचे म्हणजे रुग्णाचे आणि सोबत्याचे तीन दिवस बुडतात. रोजंदारीवरील घरात तीन दिवसांची मजुरी बुडते. अशा कुटुंबाला घरच्या यंत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याआधी काही प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात.

पहिला प्रश्न रुग्णाच्या प्रकृतीचा. हातातील धमनी आणि शीर जोडून तयार केलेला मार्ग, म्हणजे फिस्टुला, चांगला वाहता हवा. अपोहनाच्या वेळी रक्तदाब वारंवार कोसळत असेल किंवा हृदयविकार अस्थिर असेल, तर रुग्णालयच योग्य. सुया टोचणे रुग्णाने स्वतः शिकणे इष्ट असते आणि या सर्व शिक्षणास कित्येक आठवडे लागतात.

दुसरा प्रश्न सोबत्याचा. यंत्रातून मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर रक्त फिरत असते. सुई निसटली तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. म्हणून रक्तदाब मोजणारी, धोक्याची घंटा ओळखणारी, योग्य वेळी यंत्र थांबविणारी व्यक्ती जवळ असावी लागते. हे काम बहुधा पत्नीच्या किंवा आईच्या वाट्याला येते आणि तिला विचारण्याचे राहून जाते. तिची संमती, तिची झोप आणि तिला आजारपण आल्यास पर्यायी माणूस, यांचा विचार आधीच झाला पाहिजे.

तिसरा प्रश्न पाण्याचा आणि विजेचा. चार तासांच्या अपोहनास सुमारे 120 लिटर अपोहन-द्रव लागतो, आणि त्याचे पाणी शुद्ध करताना आणखी बरेच पाणी वाया जाते. नर्मदेचे अथवा विहिरीचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी अपोहनास तसेच वापरता येत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीनची संयुगे रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. पाण्यातील अ‍ॅल्युमिनियममुळे मेंदू आणि हाडे बिघडल्याचे 1970 नंतरच्या दशकात दिसून आले. ब्राझीलमधील कारुआरू येथे 1996 मध्ये दूषित पाण्यामुळे पन्नासहून अधिक रुग्ण दगावले, आणि तेही उपचारकेंद्रात! तेव्हा शुद्धीकरणाचे संयंत्र, पाण्याची नियमित तपासणी आणि मध्येच वीज गेली तर हाताने पंप फिरवून रक्त परत देण्याचा सराव, हे सारे अनिवार्य ठरते.

चौथा प्रश्न खर्चाचा. 2016 मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत अपोहन विनामूल्य मिळते. यंत्र घरी आणल्यास हा आधार सुटण्याचा संभव असतो. लाभही अर्थात खरा आहे. उत्तर अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून तीनऐवजी सहा वेळा अपोहन केल्याने हृदयावरील ताण कमी झाल्याचे आढळले. त्याच रुग्णांना फिस्टुलाच्या तक्रारी मात्र अधिक झाल्या. यंत्र घरी आणूनही तीनच वेळा वापरले, तर वाचतो तो मुख्यतः प्रवास.

प्रवास वाचविणे एवढाच हेतू असेल, तर उदर-अपोहनाचा पर्याय आधी तपासावा. यात पोटातील नैसर्गिक पटलच गाळणीचे काम करते. यंत्र, सुया किंवा शुद्धीकरण-संयंत्र यांची गरज नसते, मात्र स्वच्छता काटेकोर पाळावी लागते. मूत्रपिंडरोपण शक्य असेल तर तेही पडताळावे.

घरचे अपोहन कोणास मानवेल, याचे उत्तर यावरून निघते. प्रकृती स्थिर, फिस्टुला उत्तम, सोबती राजी, पाणी आणि वीज भरवशाची, आणि अडचणीच्या वेळी गाठता येईल असे रुग्णालय. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर घाई करू नये. साऱ्या असतील तर मूत्रपिंडतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिक्षण सुरू करावे. शिकताना झेपत नाही असे दिसल्यास रुग्णालयात परतण्याचा मार्ग खुलाच असतो, आणि तो पत्करण्यात कमीपणा नाही.