झाडांची कट-ऑफ डेट आणि मोखाड्याचं पाणी

ऐकताना ज्यांना नाव नीट कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, सणाचं नाव ‘तु बिश्वात’. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. तेत म्हणजे 9, वाव म्हणजे 6, मिळून 15. शेवात महिन्याचा पंधरावा दिवस, म्हणजे आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास.

याला झाडांचा वाढदिवस म्हणतात. मी कोड लिहिणारा माणूस, मला ती सरळ कट-ऑफ डेट दिसते. आपला हिशेब 31 मार्चला बंद होतो ना, तसंच. फळांचा दशांश काढायचा तर फळ कोणत्या वर्षाचं हे आधी ठरायला हवं. शम्मायचा पंथ म्हणाला 1 शेवात, हिल्लेलचा म्हणाला 15, आणि हिल्लेलचं चाललं. आता खरी गोष्ट: सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी एक दशांश गरिबांचा. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचं, उगवेल ते कुणीही न्यावं. म्हणजे तारखेचा घोळ झाला तर कुणाच्या तरी ताटातलं जायचं.

आपल्याकडेही हा सण जुनाच. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हानावी रथातून आले, खडकावरच्या खुणा त्यांच्याच, अशी बेने इस्राएल मंडळींची श्रद्धा. त्या दिवशी मलिदा होतो: गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळं. प्रार्थना हिब्रूत, गप्पा मराठीत.

मग जव्हार-मोखाडा मध्येच कुठून आलं? गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही ज्यू संस्था तिथल्या आदिवासी गावांत काम करते. आणि हल्ली बरेच ज्यू गट या दिवशी रोप लावून थांबत नाहीत. झाड कुणाचं, पाणी कुणाचं, हेही विचारतात.

मोखाड्यात हा प्रश्न फारच टोचतो. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ. मुंबईला रोज सुमारे 45.5 कोटी लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता. इथे पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण डोंगरउतारावरून वाहून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये धरणाच्याच तालुक्यात पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मी अंधेरीत आंघोळ करतो त्यात थोडी वैतरणा असणारच.

झाडांचंही तेच. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, बाया टोपल्या घेऊन वेचतात. 2006 चा वनहक्क कायदा पिढ्यान्‌पिढ्या गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर मालकी देतो. सामूहिक दावा ग्रामसभेमार्फत जातो. पण शेवातच्या दिवसांत कित्येक घरांना कुलूप असतं. माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली. मग सभेला कोण बसणार? माझ्या मते इथे झाडांचा सण करायचाच तर रोपाआधी हा कागद बघावा, आणि सभा माणसं परतल्यावर घ्यावी.

दावा कसा भरतात, कोणते पुरावे लागतात, ते पुढच्या भागात.