शकुंतलेचा पूल टेबलावर उभारताना

मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ‘शकुंतला’ आता बंद आहे. सुमारे 113 किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग मुळात वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या तिच्या वाफेच्या इंजिनाने 1994 मध्ये निवृत्ती घेतली आणि डिझेल आले. ही गाडी घरच्या टेबलावर छोट्या रूपात पुन्हा चालवायची तर सर्वांत जास्त संध्याकाळी खातो तो पूल.

त्याचे गणित मोठे मजेशीर आहे. शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. 87 पट लहान केले की ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणून तयार मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ चालून जातो. 12 मीटरचा गाळा 14 सेंटिमीटरचा होतो. लांबी 87 पटीने घटली, तरी गर्डरच्या छेदाचे क्षेत्रफळ साडेसात हजार पटीने आणि वजन तब्बल साडेसहा लाख पटीने घटते. त्यामुळे त्याच धातूचा छोटा पूल स्वतःच्या वजनाच्या मानाने खऱ्या पुलापेक्षा 87 पट दणकट ठरतो. जाड पुठ्ठ्याचा पूलसुद्धा छोटे इंजिन सहज पेलतो. गाडी घसरते ती सांध्यावर अर्धा मिलिमीटर उंचसखल राहिल्याने किंवा उन्हाळ्यात रूळ वाढल्याने. तापमान 30 अंशांनी चढले तर दोन मीटर रूळ सुमारे एक मिलिमीटरने लांबतो. पुलाच्या टोकाला तेवढी फट हवीच.

थोडक्यात, पूल सहसा मोडत नाही. जपावे लागते ते बांधणाऱ्याला.

विदर्भातल्या उन्हाळ्यात झळांमुळे खिडक्या बंद असतात आणि सुटे भाग उडू नयेत म्हणून पंखाही बंद होतो. अशा कोंदट खोलीत सोल्डरिंग सुरू होते. त्यातून निघणारा धूर मुख्यतः शिशाचा नसून राळेचा असतो. त्याने दमा जडू शकतो, असलेला बळावू शकतो. काम केलेल्या रात्री खोकला, छाती आवळल्यासारखी आणि चार दिवस काम थांबवले की आराम, असे होत असेल तर डॉक्टरांना या छंदाबद्दल आवर्जून सांगावे. ओपीडीत व्यवसाय विचारला जातो, छंद क्वचितच.

शिसे पोटात जाते ते हातांवरून. त्याच टेबलावर चहा-चिवडा, मग नातवाला घास भरवणे, हा त्याचा रस्ता. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. शिसेविरहित सोल्डर बाजारात मिळते. तेच घ्यावे आणि हात साबणाने धुवावेत.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाची एक खोड तर यवतमाळकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. तो कापसाशी किंवा सुती कापडाशी आला की वेगाने तापतो. चटका बसण्याइतका, कधी धूर निघण्याइतका. सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने पुसू नये. बोटे चिकटली तर कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत, ओढू नयेत. डोळ्यात उडाला तर पापण्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याने धुवत राहावे आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा.

चाळिशीनंतरचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. खिळ्याच्या टोकाएवढा रिव्हेट बसवताना माणूस त्याहून पुढे वाकतो, पापणी लवायची विसरतो आणि तासाभरात मान धरते, डोळे कोरडे पडतात. पुलाखाली लाकडी ठोकळा ठेवून कामच वर आणावे, भिंग आणि दिवा जोडीला घ्यावा.

मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांना मात्र सोल्डरिंगच्या टोकाचा चटका उशिरा कळतो, फोड दिसल्यावर. अशांनी धातूचा गर्डर सोडून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा करावा. रंग दिल्यावर फरक ओळखू येत नाही.