पक्ष्यांतील व मत्स्यजन्य पर्णकृमी आणि मानव : लक्षण व धोका यांतील अंतर

प्रस्तावना :
पर्णकृमी हे पानाच्या आकाराचे चपटे परजीवी होत. त्यांच्या जीवनचक्रात गोगलगाय हा बहुधा अटळ टप्पा असतो. गोगलगाईतून बाहेर पडणारे शेपटीयुक्त डिंभ, म्हणजे सर्केरिया, पुढे कोणत्या प्राण्यात शिरतात यावर त्या जातीचे माणसाशी असलेले नाते ठरते. प्रस्तुत लेखात पाणपक्ष्यांतील एक आणि माशांमार्फत येणारा एक, अशा दोन पर्णकृमींचा विचार केला आहे.

पाणपक्ष्यांतील पर्णकृमी :
ट्रायकोबिल्हार्झिया या प्रजातीतील कृमी बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या शरीरात वाढतात. त्यांचे सर्केरिया बदकाच्या त्वचेच्या शोधात असताना तळ्यात पोहणाऱ्या माणसाच्या त्वचेतही घुसतात. मात्र तेथे त्यांची वाढ होत नाही. ते त्वचेतच मरतात. अंगावर लाल पुरळ उठते, असह्य खाज सुटते आणि काही दिवसांत सारे शमते. या खाजेमागे सर्केरिया असल्याचे विल्यम कॉर्ट यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात दाखवून दिले. त्रास लगेच जाणवत असल्याने तक्रारही लगेच होते. धोका मात्र अल्प असतो.

मत्स्यजन्य यकृत-पर्णकृमी :
याच्या नेमके उलट चित्र ईशान्य थायलंडमध्ये दिसते. ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी हा कृमी लाओस, कंबोडिया व दक्षिण व्हिएतनाममध्येही आढळतो. त्याचे सर्केरिया गोड्या पाण्यातील रोहू-कटला कुळातील माशांच्या मांसात शिरून कोशबद्ध होतात. ‘कोई प्ला’ हा बारीक चिरलेल्या कच्च्या माशांचा पदार्थ तेथे आवडीने खाल्ला जातो. लिंबाच्या रसाने मासा पांढरट होऊन शिजल्यासारखा दिसतो, परंतु कोशातील डिंभ त्याने मरत नाहीत. (शिजवून खाल्लेल्या माशापासून हा धोका उद्भवत नाही.) डिंभ लहान आतड्यात कोशाबाहेर येऊन पित्तनलिकेत चढतात, सुमारे एका महिन्यात प्रौढ होतात आणि दहा वर्षांपर्यंतही जगू शकतात.

बहुसंख्य बाधितांना काहीच जाणवत नाही, हीच खरी अडचण आहे. कृमीच्या चूषकांनी पित्तनलिकेच्या अस्तराला वारंवार इजा होते. त्याने स्रवलेले ग्रॅन्युलिन हे प्रथिन पेशींच्या वाढीस चालना देते आणि दाह वर्षानुवर्षे टिकून राहतो. परिणामी काही रुग्णांत अनेक दशकांनंतर पित्तनलिकेचा कर्करोग होतो. खोन केन प्रांतातील या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांत गणले गेले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला माणसातील सिद्ध कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. त्याचा निकटचा आप्त क्लोनॉर्किस सायनेन्सिस हाही पुढे त्याच गटात समाविष्ट झाला. हा दुसरा कृमी प्रथम सापडला तो भारतात. १८७४ मध्ये जेम्स मॅक्कॉनेल यांना कलकत्त्यात एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात तो आढळला होता.

औषध आणि त्याची मर्यादा :
प्राझिक्वांटेल हे औषध एका मात्रेतही प्रभावी ठरते. परंतु ते पुढील संसर्गाविरुद्ध कोणतेही संरक्षण देत नाही. बरा झालेला माणूस पुन्हा त्याच पंगतीत बसतो आणि पुन्हा बाधित होतो. मांजरे व कुत्रीही हा कृमी बाळगतात, त्यामुळे केवळ माणसांवर उपचार केल्याने तळे निर्धोक होत नाही. गावोगाव गोळ्या वाटणे तुलनेने सोपे. अन्नाची सवय बदलणे कठीण. खोन केनमधील लावा तलावाच्या परिसरात तेथील विद्यापीठाने औषधोपचाराला शाळांतील शिक्षण, गावातील आरोग्य स्वयंसेवक आणि पाण्याच्या परिसंस्थेकडे लक्ष यांची जोड दिली. तेथे माणसांतील व माशांतील प्रादुर्भाव दोन्ही लक्षणीयरीत्या घटले. तथापि पूर्वी दीर्घकाळ बाधित राहिलेल्यांच्या पित्तनलिकेत झालेली हानी औषधाने पूर्णपणे भरून येतेच असे नाही. म्हणून कृमी गेल्यानंतरही या लोकांच्या यकृताची सोनोग्राफीद्वारे नियमित तपासणी करावी लागते.