लुळ्या हाताची शिकवणी

अर्धांगवायूच्या झटक्यांतून माणूस वांचतो, कांहीं आठवड्यांनीं रुग्णालयांतून घरीं येतो, भिंतीला धरून चालूंहि लागतो. परंतु उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. घरांतील मंडळी त्याला घास भरवितात, सदऱ्याचीं बटणें लावून देतात, पाण्याचा पेला न विसरतां डाव्या हातांत देतात. सहा महिन्यांनीं डावा हात इतका तरबेज होतो कीं, उजव्याची आठवणहि कोणास होत नाहीं. 'जेवढें यावयाचें तेवढें आलें, आतां पुढें कांहीं नाहीं,' असें नातेवाईक एकमेकांस सांगतात, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत डॉक्टरहि बहुधा तेंच सांगत. मेंदूचा जो भाग मेला तो मेला, त्याच्या ताब्यांतील अवयवहि त्याच्याबरोबर गेला, असा हा हिशेब होता. तो अपुरा आहे हें ज्या संशोधनानें दाखविलें, त्याची हकीकत बरीच लांबची आहे. ती इंग्लंडांत सुरू होते, अमेरिकेंत तिला वळण लागतें, आणि मध्येंच ती एका न्यायालयांतूनहि जाते.

पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपासून जे मज्जातंतु निघतात त्यांचीं मुळें दोन प्रकारचीं असतात. पुढील मुळांतून मेंदूची आज्ञा स्नायूंकडे जाते; मागील मुळांतून त्वचा, सांधे व स्नायु यांची खबर मेंदूकडे येते. कचेरींत जशी जावक आणि आवक अशीं दोन बुकें असतात, तशीच ही व्यवस्था आहे. सन १८९५ मध्यें फ्रेडरिक मॉट आणि चार्ल्स शेरिंग्टन या दोघांनीं माकडाच्या एका हाताचीं फक्त मागील मुळें कापलीं. आवक बंद झाली, जावक जशीच्या तशी राहिली. स्नायु शाबूत, त्यांना आज्ञा पोंचविणारे तंतु शाबूत. तरीहि त्या माकडानें त्या हातानें दाणा म्हणून उचलला नाहीं. यावरून दोघांनीं अनुमान काढलें कीं, संवेदनेवांचून हेतुपूर्वक हालचाल होऊंच शकत नाहीं. शेरिंग्टन हा मज्जासंस्थेच्या शास्त्राचा पुढें मोठा आचार्य झाला व १९३२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. एवढ्या मोठ्या माणसाचें अनुमान असल्यामुळें तें पन्नास वर्षांहून अधिक काळ जवळजवळ निर्विवाद चाललें.

१९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कांहीं तरुण संशोधकांनीं हाच प्रयोग पुन्हां केला. त्यांतील एकाचें नांव एडवर्ड टॉब. त्यांनीं एक साधी गोष्ट अधिक केली: माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. मग भुकेलेलें माकड त्याच बधिर हातानें खाऊं लागलें! हालचाल बेढब होती, नेम चुकत होता, पण दाणा तोंडापर्यंत जात होता. पुढें दोन्ही हातांचीं मागील मुळें कापलीं तेव्हां तर माकडें दोन्ही हात वापरूं लागलीं. म्हणजे एक हात बधिर असतांना जें माकड तो हात हलवीत नसे, तें दोन्ही हात बधिर झाल्यावर दोन्ही हलवूं लागलें. आवक बंद झाल्यामुळें हालचाल अशक्य होते, हें मत येथें कोसळलें. हात समर्थ होता. माकड तो वापरीत नव्हतें, इतकेंच.

मग तें वापरीत कां नव्हतें? टॉब यानें दिलेला उलगडा शिक्षकी पेशांतील कोणासहि चटकन पटेल असा आहे. इजा झाल्यावर आरंभीं कांहीं काळ मज्जासंस्थेला धक्का बसलेला असतो. त्या अवधींत हात खरोखरच हलत नाहीं. माकड प्रयत्न करतें, दाणा सांडतो, तोल जातो, तें आपटतें. प्रत्येक प्रयत्नाला शिक्षा आणि चांगल्या हातानें केलेल्या प्रत्येक कामाला बक्षीस, असा क्रम चालतो. पुढें धक्का ओसरतो, हातांत शक्ति परत येते. पण माकडाला तें कळतच नाहीं, कारण तोंवर तें प्रयत्न करण्याचेंच सोडून बसलेलें असतें. पावसाळ्यांत ओढ्याला पूर येतो आणि पायवाट बंद पडते, म्हणून गांवकरी लांबच्या पुलावरून जाऊं लागतात. पुढें पाणी ओसरतें, पण पुलाची संवय झालेला मनुष्य ओढ्याकडे डोकावतहि नाहीं. टॉब यानें या प्रकाराला 'शिकलेला अनुपयोग' अशा अर्थाचें नांव दिलें. चांगला हात एक-दोन दिवसच बांधला तर सोडतांच माकड जुन्या संवयीवर जाई. आठवडा किंवा अधिक काळ बांधला तर सुधारणा कायम टिके, असेंहि त्यास आढळलें.

येथें एक गोष्ट नमूद करणें न्यायाचें होईल. मेंदूच्या इजेनें अर्धांग झालेल्या माकडांचा चांगला हात बांधून दुबळ्या हाताला काम दिल्यास तो सुधारतो, हें ऑग्डेन व फ्रान्झ यांनीं १९१७ मध्येंच प्रसिद्ध केलें होतें. त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. शास्त्राच्या जगांतहि न वापरल्यामुळें लुळ्या पडलेल्या गोष्टी असतात, त्यांतलीच ही एक.

यानंतरचें प्रकरण अप्रिय आहे, पण तें वगळून ही हकीकत सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९८१ सालीं मेरिलंड राज्यांतील सिल्व्हर स्प्रिंग या गांवीं टॉबच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली. तेथें स्वयंसेवक म्हणून दाखल झालेल्या एका प्राणिहितवादी तरुणानें तेथील घाणीचीं व जखमी माकडांचीं छायाचित्रें काढून तक्रार केली होती. सतरा माकडें ताब्यांत घेण्यांत आलीं, खटला झाला, आणि शुश्रूषेंत हयगय केल्याचा ठपका टॉबवर आला. १९८३ मध्यें त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें, मध्यवर्ती सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या संशोधनाला तो कायदा लागूच नाहीं, असें ठरवून शिक्षा रद्द केली. कायद्याच्या मुद्द्यावर सुटका झाली. परंतु पिंजऱ्यांतील त्या मुक्या जीवांचें काय झालें हा प्रश्न तेवढ्यानें मिटत नाहीं. अमेरिकेंत १९८५ सालीं प्रयोगशाळेंतील प्राण्यांविषयींचा कायदा अधिक कडक झाला, त्यास हें प्रकरण मोठें कारण झालें. आणि दैवाची गति अशी कीं, त्यांतील कांहीं माकडांच्या मेंदूची तपासणी होऊन १९९१ मध्यें जें प्रसिद्ध झालें, त्यानें शास्त्रज्ञ चकित झाले. हाताकडून खबर येणें बंद झालेला मेंदूचा पट्टा रिकामा पडला नव्हता. शेजारच्या चेहऱ्याच्या संवेदनेनें तो दहा मिलिमीटरांहून अधिक व्यापला होता. प्रौढ मेंदूची घडण पक्की, बदल व्हावयाचा तो बाळपणींच, हा समज त्यानंतर टिकणें कठीण झालें. १९९६ सालीं नूडो व त्याच्या सहकाऱ्यांनीं आणखी पुढची गोष्ट दाखविली. मेंदूंतील हाताच्या भागास लहानशी इजा झालेल्या माकडांना खोलगट वाट्यांतून बोटांनीं दाणे काढण्याचा सराव दिला, तर हाताच्या वांट्याचा उरलेला मेंदू शाबूत राहतो. सराव न दिल्यास तोहि घटत जातो.

टॉब १९८६ पासून अलाबामा विद्यापीठांत आला आणि माकडांवरून माणसांकडे वळला. १९९३ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेला पहिला प्रयोग अवघ्या नऊ रुग्णांचा होता; सर्वांना झटका येऊन वर्षाहून अधिक काळ लोटलेला, म्हणजे 'आतां पुढें कांहीं नाहीं' या यादींतले. चौघांचा चांगला हात चौदा दिवस, जागेपणींच्या बहुतेक वेळीं, झोळींत बांधून ठेवला आणि त्यांतील दहा दिवस रोज सहा तास दुबळ्या हाताला काम दिलें. उरलेल्या पांच जणांकडे नुसतें लक्ष पुरविलें व उत्तेजन दिलें. चौघांचा हात सुधारला आणि तो फायदा दोन वर्षांनींहि टिकून होता.

या शिकवणीचें स्वरूप कसें असतें हें पाहण्यासारखें आहे. झोळीऐवजीं पुढें जाड मऊ मोजा आला. त्यानें तोल सांवरतां येतो, पण बोटांनीं वस्तु धरतां येत नाहीं. कामें रोजचींच: डबीचें झांकण काढणें, नाणीं उचलणें, टॉवेलाची घडी घालणें, चमच्यानें दाणे एका वाटींतून दुसरींत नेणें. मर्म आहे तें पायरीपायरीनें चढविण्यांत. आज पेला वीतभर सरकला तर उद्यां दीड वीत. तीस सेकंदांत चार मणी उचलले तर पुढें पांच. दर वेळीं आंकडा मोजून रुग्णास सांगावयाचा, चुकीबद्दल बोलावयाचें नाहीं, वाढीबद्दल लगेच शाबासकी द्यावयाची. श्रोत्यांनीं आपल्या उजव्या हाताला जाड मोजा घालून डाव्या हातानें सदऱ्याचीं पांच बटणें लावून पाहावीं. तिसऱ्या बटणाशीं जो संताप येतो, तोच या उपचाराचा खरा शत्रु आहे.

याबरोबर आणखी एक तपासणी असते. दांत घासणें, कुलूप उघडणें, विजेचा दिवा लावणें अशा सुमारें तीस नित्याच्या गोष्टींविषयीं रुग्णास विचारतात: हा हात तुम्हीं वापरलात काय, आणि कसा वापरलात? दवाखान्यांत हात काय करूं शकतो आणि घरीं तो काय करतो, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. परीक्षेंत कविता घडाघडा म्हणणारा मुलगा सुट्टींत पुस्तक उघडीलच असें नाहीं. शिक्षकांना हें सांगावयास नको.

नऊ जणांच्या प्रयोगावर जग विश्वास ठेवीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. म्हणून स्टीव्हन वुल्फ यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील सात केंद्रांत मोठी परीक्षा झाली. २००१ ते २००३ या काळांत २२२ रुग्ण घेतले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. कोणास हा उपचार व कोणास नेहमींची व्यवस्था, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, म्हणजे आवडनिवड आड येऊं नये. २००६ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. ठराविक कामांस लागणारा सरासरी वेळ उपचार घेणाऱ्यांत वर्षभरांत १९.३ सेकंदांवरून ९.३ वर आला. इतरांत तो २४.० वरून १७.७ झाला. सुधारणा दोन्हींकडे, पण एकीकडे जवळजवळ निम्म्यानें आणि दुसरीकडे चतुर्थांशानें.

तथापि हा सर्वांवर चालणारा रामबाण नव्हे. या परीक्षेंत मनगट निदान दहा अंश वर उचलतां येणें, अंगठा व आणखी दोन बोटें थोडीं तरी उघडतां येणें, ही प्रवेशाची अट होती. ज्याचा हात मुळींच हलत नाहीं त्याला मोजा घालून कांहीं साधणार नाहीं. उलट त्याचा उरलासुरला आधार जाईल. शिवाय गुण बांधण्याचा कीं सरावाचा, हाहि वाद आहे. तितकाच कसून सराव दोन्ही हातांना दिला तरी परिणाम बराचसा सारखाच येतो, असें पुष्कळ तज्ज्ञांस दिसलें. आणि सरावाचें पारडें जड आहे, हें मानावयास जागा आहे. २००९ मध्यें अमेरिका व कॅनडा येथील नेहमींच्या उपचारांचें निरीक्षण झालें, तेव्हां एका बैठकींत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी बत्तीसच भरल्या. माकडांच्या प्रयोगांत त्या दिवसाला चारशेंच्या वर असत. बत्तीस वेळां गिरवून कोणाचें अक्षर सुधारलें आहे?

पण 'जितकें जास्त, जितकें लवकर, तितकें चांगलें' असाहि निष्कर्ष काढतां येत नाहीं. पांच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर झालेल्या परीक्षेचा निकाल २०१५ सालीं आला. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आंत रुग्णाला अंथरुणावरून उठवून वारंवार हालचाल करविली, तर तीन महिन्यांनीं चांगल्या स्थितींत असलेले शेंकडा ४६ निघाले. नेहमींच्या पद्धतीनें चाललेल्यांत ५० निघाले. दुखावलेल्या मेंदूस पहिले कांहीं दिवस उसंत लागते, असें दिसतें.

आपल्या देशांतील परीक्षाहि सांगितली पाहिजे. व्यायामोपचार करणारे कमी आणि कुटुंबें मोठीं, तेव्हां घरच्यांनाच शिकवून तयार केलें तर काय होईल, हा प्रश्न घेऊन भारतांतील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर प्रयोग झाला. कल्पना इतकी रास्त वाटत होती कीं, कोणीहि ती उचलून धरली असती. २०१७ सालीं आलेला निकाल निराशेचा होता: सहा महिन्यांनीं मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण दोन्हीं गटांत शेंकडा ४७ च होतें. घरच्यांची माया कमी पडली असें यावरून म्हणतां येणार नाहीं. कुशल माणसाचें काम थोडक्या शिकवणीनें घरच्यांवर सोंपवून भागत नाहीं, एवढाच याचा सरळ अर्थ. शिक्षण-विद्यालयांत न जातां कोणीहि वर्ग चालवूं शकतो, असें मानणारे लोक अजून आहेतच.

म्हणून ही शिकवणी घरच्या घरीं, रुमालानें हात बांधून सुरू करूं नये. मनगट व बोटें किती उघडतात, तोल कितपत आहे, झटका येऊन किती दिवस झाले, हें आधीं तज्ज्ञानें पाहावें लागतें. आणि मोजा घातलेला असला तरी स्नान करतांना, जिना चढउतार करतांना, व गरम भांडें उचलण्यापूर्वीं तो काढून ठेवावयाचा असतो.