गुडघ्याच्या लिगामेंटची दुसरी शस्त्रक्रिया : आधी हाड का भरतात?

कबड्डी खेळताना तरुणाचा पाय मुरगळतो, गुडघ्यातले लिगामेंट तुटते. घरचे लोक पै-पै जमवून शस्त्रक्रिया करतात. वर्ष-दोन वर्षांनी गुडघा पुन्हा निसटू लागतो आणि डॉक्टर सांगतात, "आता दोन शस्त्रक्रिया कराव्या लागतील. पहिल्या वेळी फक्त हाड भरू, लिगामेंट नंतर." घरात लगेच शंका येते : हा पैसे उकळण्याचा प्रकार तर नाही? शंका विचारलीच पाहिजे. पण तिचे उत्तरही नीट समजून घेतले पाहिजे.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी एक दोरी असते. तिला एसीएल म्हणतात. ही दोरी पूर्ण तुटली की बहुधा तिला टाके घालून भागत नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून दोन्ही हाडांत साधारण ७ ते १० मिलिमीटर रुंदीचे बोगदे पाडतात. बहुतेकदा मांडीच्या मागची शीर काढून ती त्या बोगद्यांतून ओवतात आणि स्क्रू किंवा बटणाने पक्की करतात.

हे काम पुढे का बिघडते? पुन्हा जोराची दुखापत होते, खेळाडू घाईने मैदानात उतरतो, बोगदा चुकीच्या जागी पडलेला असतो, तर कधी जंतुसंसर्ग होतो. शिवाय शीर बोगद्यात सतत हलत राहिली की आजूबाजूचे हाड झिजते आणि बोगदा रुंदावतो.

भिंतीतली खुंटी सैल होऊन भोक मोठे झाले, तर त्यात नवी खुंटी ठोकून उपयोग होत नाही. भोक बुजवायचे, ते पक्के होऊ द्यायचे आणि मग नव्याने भोक पाडायचे. इथेही तसेच आहे. सीटी स्कॅनमध्ये बोगदा १४-१५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून रुंद दिसला, अथवा जुना बोगदा नव्याच्या वाटेत अर्धवट येत असला, तर अनेक सर्जन आधी हाड भरण्याचा सल्ला देतात. जुना बोगदा योग्य जागी आणि पुरेसा अरुंद असेल, किंवा नव्या जागेपासून बराच दूर असेल, तर एकाच शस्त्रक्रियेत काम होऊ शकते. म्हणजे हाड भरणे प्रत्येकाला लागत नाही.

भरण्यासाठी हाड बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून घेतात. तिथे काही दिवस दुखते. दुसरा मार्ग टिशू बँकेचा. तिथे दान मिळालेले हाड तपासून, निर्जंतुक करून ठेवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी बँक १९८८ पासून आहे. भरलेले तुकडे सिमेंटसारखे नुसते घट्ट होत नाहीत. त्यांत रक्तवाहिन्या शिरतात, जुने हाड हळूहळू विरते आणि त्या जागी शरीर स्वतःचे नवे हाड तयार करते. याला साधारण चार ते सहा महिने लागतात. पुन्हा स्कॅन करून खात्री पटली की मग नवे लिगामेंट बसवतात.

खरा धोका याच मधल्या काळात असतो. दुखणे कमी होते, माणूस चालू-फिरू लागतो आणि "बरे झालो" असे समजून दुसरी शस्त्रक्रिया टाळतो. पण दोरी अजून बसवलेलीच नसते. अशा गुडघ्यावर खेळले किंवा धावताना एकदम वळले, तर तो निसटून आतली गादी फाटू शकते. पुढे सांधा लवकर झिजतो, आणि मग विहारात मांडी घालून बसणेही कठीण होते.

म्हणून आम्ही वाचकांना एवढे सांगू :

• पहिल्या शस्त्रक्रियेची सगळी कागदपत्रे जपून ठेवा. कोणता स्क्रू बसवला हे कळले, तर तो काढायला योग्य अवजार तयार ठेवता येते.

• डॉक्टरांना विचारा : पहिली शस्त्रक्रिया का फसली? बोगदा किती रुंद आहे? हाड कुठून घेणार? दोन्ही टप्प्यांचा मिळून खर्च किती?

• महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या.

• तंबाखू, मिश्री, विडी-सिगारेट बंद करा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

• मधल्या काळात सांगितलेला व्यायाम रोज करा. मांडीचे स्नायू मजबूत राहिले तर गुडघ्याला आधार मिळतो.

• ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जा. धाप लागली तर एक क्षणही थांबू नका.

नवे लिगामेंट बसवल्यावरही मैदानात परतायला निदान नऊ महिने, बऱ्याचदा वर्ष लागते. घरच्यांनी "अजून किती दिवस बसून राहणार?" असे टोचून बोलू नये. हाडाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. अर्ध्यावर सोडलेला उपचार शेवटी सर्वांत महाग पडतो.