कृष्णविवर केवढे असते?

सप्टेंबर २००८ मध्ये जिनीव्हाजवळ जमिनीखालच्या बोगद्यात अणुकणांच्या टकरींचा मोठा प्रयोग सुरू झाला. त्या वेळी आपल्या देशातील काही वृत्तवाहिन्यांनी कृष्णविवर निर्माण होऊन पृथ्वी गिळली जाणार अशी आवई उठविली, आणि कित्येक घरांतून भीती पसरली. पृथ्वी आहे तेथेच आहे. परंतु कृष्णविवर केवढे असते ह्याची कल्पना असती, तर ती भीती इतकी फोफावली नसती. ही कल्पना करून घेणे कठीण नाही. गुणाकार आला म्हणजे पुरे.

कृष्णविवर म्हणजे आकाशास पडलेले भोक नव्हे. पुष्कळ वस्तुमान इतक्या लहान जागेत दाटते की, एका सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर निसटू शकत नाही. ह्या सीमेवरूनच त्याचा आकार मोजावयाचा. कार्ल श्वार्झशिल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या गणितातून ती निघते. तेथे भिंत किंवा कवच काही नाही. हे १९३३ मध्ये बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र, जे धर्मगुरू होते तसेच गणितीही, त्यांनी दाखवून दिले.

सूर्याएवढ्या वस्तुमानास सुमारे ३ किलोमीटर त्रिज्या, असा हिशेब आहे. वस्तुमान दुप्पट, तर त्रिज्याही दुप्पट. सूर्याचा व्यास आज सुमारे १४ लक्ष किलोमीटर आहे; तो दाबून ६ किलोमीटरांत कोंबावा लागेल. पृथ्वी तर जेमतेम बोराएवढी होईल!

आता वाचकहो, आपले पलसाणा मध्यबिंदू धरा. सूर्याचे कृष्णविवर गाव आणि भोवतालची शेते एवढ्यातच मावेल. दहा सूर्यांचे केले, तर सुरत, नवसारी व बारडोली ही तिन्ही त्यात येतील. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी प्रथमच टिपल्या. सुमारे ३६ व २९ सूर्यांची ती दोन मिळून ६२ सूर्यांचे एक झाले. उरलेल्या तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. हे कृष्णविवर पलसाण्यावर मांडले, तर उत्तरेस वडोदऱ्याच्या पलीकडे आणि दक्षिणेस पालघरच्या खाली पोहोचेल. असेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

मात्र कृष्णविवर दूरचे सारे ओढून घेते, हा समज खोटा. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी अंधारात गारठेल खरी, पण आपल्या कक्षेतच फिरत राहील.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी ४० लक्षांहून अधिक सूर्यांचे कृष्णविवर आहे, तरी ते बुधाच्या कक्षेत सहज मावते. एम-८७ ह्या दीर्घिकेतील ६५० कोटी सूर्यांचे. त्याचे छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. त्याची त्रिज्या सूर्यापासून प्लूटोपर्यंतच्या अंतराच्या तिपटीहून अधिक भरते. आणि गंमत अशी की, त्याचे वस्तुमान त्या साऱ्या जागेत सारखे पसरले असे मानून सरासरी काढली, तर ती आपण श्वासात घेतो त्या हवेहूनही विरळ येते.